कुमारांची अद्भुतकथा आणि शिखंडी

पन्हाळ्यावर वाढणाऱ्या मुलाला शिवा काशीद ठाऊक असतो. १६६० च्या वेढ्यात त्याने महाराजांचे रूप घेतले. रूप पालटणे हा येथे पराक्रम ठरतो. परंतु वेशांतर आणि रूपांतर यांत भेद आहे. सोंग उतरविता येते, लिंगभाव उतरविता येत नाही. आपले कुमारसाहित्य पहिल्यात रमते, दुसऱ्याविषयी बहुधा मौन पाळते.

महाभारतातील शिखंडीला यक्षाकडून पुरुषत्व लाभते आणि कुबेराच्या शापामुळे ते आमरण त्याच्याकडेच राहते. याहून समर्थ अद्भुत बीज कोणते? तरीही मुलांसाठीच्या संक्षेपांत शिखंडी बहुधा अर्जुनाच्या आडोशापुरता उरतो.

वास्तववादी कादंबरीने हे मौन मोडले. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’ने जोगत्याचे जगणे मराठी वाचकासमोर आणले. तेथे तो परंपरेचा बळी आहे आणि ते त्या कादंबरीच्या प्रकृतीला धरूनच आहे. मात्र दुसरी प्रतिमाच नसेल, तर तृतीयपंथी वा समलिंगी कुमाराला साहित्यात केवळ आपले दुःखच भेटते. अद्भुतकथेत देहाचे नियम लेखक ठरवितो. म्हणून तेथे तो नायकही होऊ शकतो.

हा विषय कुमारवयास अनुचित आहे, असा आक्षेप घेतला जाईल. पण शिखंडी आपण मुलांना सांगतोच. प्रश्न अर्धा सांगावा की पूर्ण, एवढाच आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार मान्य केला. कुमारसाहित्य शिकविणाऱ्या आपण निदान मूळ कथा तरी पूर्ण शिकवावी.