चोळी : विकतची की घरची?

शिवजयंती जवळ आली म्हणजे आमच्या तुळजापुरात घरोघरी एक प्रश्न उभा राहतो. कोणाच्या मुलीस शाळेच्या कार्यक्रमात जिजाऊसाहेबांची भूमिका मिळालेली असते, कोणाची येसूबाई व्हावयाची असते. आणि वेष कोठून आणावा, ही चिंता मात्र वडीलधाऱ्यांस पडते. ज्या भवानीस भोसले कुळ आपली कुलस्वामिनी मानीत आले, तिच्या गावात ही भूमिका मिळणे म्हणजे मुलींस केवढा मान वाटतो, हे आम्ही सांगावयास नको.

यंदा हा मान आमच्याच घरी आला. आमची नात अकरा वर्षांची. तिला जिजाऊंचे चांगले पानभर भाषण होते. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, शिवलेली नऊवारी आणि तयार चोळी हल्ली विकत मिळते. पाच मिनिटांत मूल तयार होते." आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे निराळे पडले. "लुगडे आणा हवे तर, पण चोळी घरी शिवू द्या," असे त्या म्हणाल्या. निवाडा आमच्याकडे आला, आणि आम्ही तो सूनबाईंच्या बाजूने दिला. सौ. साठीच्या पलीकडे गेलेल्या, एका डोळ्याचे मोतीबिंदू काढलेले. त्यांनी सुई कशास धरावी, असा आमचा विचार. तो प्रेमाचा होता, पण शहाणपणाचा नव्हता.

परगावच्या एका दुकानातून वेष आला. रंग झळझळीत, काठ सोनेरी, चोळीस पाठीमागून झिप. चिठ्ठीवर माप म्हणून केवळ मुलीचे वय छापलेले होते. छाती, दंड, पाठीची लांबी यांचा पत्ता नाही. रंगीत तालमीत शिवबास आशीर्वाद देण्यासाठी नातीने उजवा हात वर केला मात्र, काखेतील शिवण टरकन उसवली. मुले हसली. मुलगी घरी आली ती कोपऱ्यात तोंड घालून बसली. "मी नाही जाणार," याखेरीज दुसरा शब्द नाही. कार्यक्रमास चार दिवस उरले होते.

सौ. काही बोलल्या नाहीत. त्यांनी ट्रंकेतून हळदीकुंकवास मिळालेला जुना गुळेदगुडी खण काढला. देवळाच्या वाटेवर आमच्याकडे खणांस तोटा नाही. परंतु ओटीसाठी विकले जाणारे पुष्कळसे खण पातळ व अपुरे असतात, त्यांची चोळी होत नाही. हा मात्र अस्सल होता. तरीही त्यास त्यांनी लगेच कात्री लावली नाही. आधी जुन्या मांजरपाटाची एक कच्ची चोळी बेतून नातीच्या अंगात घातली, आणि तिला हात वर करावयास, खाली वाकावयास, मांडी घालून बसावयास लावले. इतकेच नव्हे, तर सबंध भाषण म्हणावयास लावले. काखेत ओढ बसते असे दिसताच तेथे एक लहान चौकोनी तुकडा तिरका जोडला. मग खण कातरला. काठ नेमके बाह्यांवर आणले. धावदोरा घालून वरून टीप मारली, ती हातानेच. पुढे झिप नाही, बटन नाही. दोन टोकांची गाठ. अंग वाढले तर गाठ सैल करावी, इतका सोपा हिशेब. सुईत दोरा ओवण्याचे काम नातीकडे होते, आणि तिसऱ्या दिवशी टीप मारावयास सूनबाई आपण होऊन शेजारी बसल्या.

हे पाहून आमच्या मनात जो विचार आला तो लिहिण्यास संकोच वाटतो. अमरकोशातील चोल आणि कूर्पासक हे शब्द आम्ही शेकडो विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले. ऋतुसंहारात कूर्पासक आला म्हणजे "एक प्रकारची चोळी" एवढे सांगून पुढे जात असू. ती चोळी कशी बेततात, हे आम्हास कधी विचारावेसे वाटले नाही. आणि जाणणारी व्यक्ती आमच्याच घरात चाळीस वर्षे वावरत होती!

युरोपातही हाच अनुभव आहे. तेथील हौशी मंडळी गतशतकांतील पोषाख करतात, तेव्हा स्त्रीवेषाखालील कॉर्सेट नावाची ताठ कंचुकी विकत घ्यावी की शिवावी, हा वाद त्यांच्यातही असतो. पूर्वी तिच्यात देवमाशाच्या जबड्यातील लवचिक पट्ट्या घालीत, पुढे पोलादी आल्या. सरासरी मापावर केलेली कंचुकी कमरेस बसली तरी धडाच्या लांबीस बसेलच असे नाही. मग ती पट्टी बरगडीत रुतते. म्हणून जाणते लोक आधी हलक्या कापडाचा नमुना शिवून पाहतात. आमच्या सौ. नी मांजरपाटावर केले ते याहून वेगळे काय?

विकतचे सारेच टाकाऊ, असे मात्र आमचे मत नाही. समूहनृत्यात वीस मुली दहा मिनिटे नाचावयाच्या असतील, तर तयार वेष आणावा. आयांचे डोळे व रात्री वाचतील. लुगडे, दागिने, टोप हेही विकतचे अथवा भाड्याचे चालतात. परंतु जे वस्त्र अंगालगत बसते आणि ज्याच्या आधारावर बाकीचा वेष उभा राहतो, ते एक त्या मुलीच्याच मापाचे असावे. शिवाय इतिहासाचीही तशी साक्ष आहे. जिजाऊसाहेब १६७४ साली, राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत पाचाडास निवर्तल्या. सिंगरने शिवणयंत्राचे पेटंट घेतले ते १८५१ साली, आणि झिप सर्रास वापरात आली ती विसाव्या शतकात. त्या काळी शिवण म्हणजे हाताचीच शिवण.

कार्यक्रमाच्या दिवशी नातीने हात पुरता वर केला, आणि भाषण एकदाही अडखळले नाही. रात्री सौ. चोळीची घडी घालताना सहज म्हणाल्या, "हे बेतणे माझ्यामागे कोणाला येणार?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी वर्तमानपत्राचा कागद पसरला, सासूबाईंस शेजारी बसविले, आणि पाठ, बाही, पुढचे दोन भाग व काखेतील तो चौकोन असे एकेक बेतून कातरून घेतले. प्रत्येक तुकड्यावर नाव घालण्याचे काम आमच्याकडे आले. एवढ्यापुरता आमच्या अक्षराचा उपयोग झाला.

आमच्या वाचकभगिनींच्या घरी अशी कोणी आजी, आत्या वा मावशी असेल, तर पुढील शिवजयंतीची वाट न पाहता तिच्यापुढे एक जुने वर्तमानपत्र आणि कात्री ठेवावी, एवढीच आमची विनंती.