‘बदलून बघू’ नावाचा रोग

मंडळी, आज थोडं भांडायचा मूड आहे. विषय जुना, म्हणजे अक्षरशः जुना: चेतक, सुपर आणि त्यांच्या पिढीच्या सीबी पॉइंटवाल्या टू-स्ट्रोक स्कूटरी.

चेतक १९७२ साली आली आणि २००५ च्या सुमारास बंद झाली. २०२० मध्ये ते नाव इलेक्ट्रिक स्कूटरवर पुन्हा अवतरलं, पण ती गाडी वेगळी, तिचे भक्त वेगळे. मी बोलतोय ते वडिलांची म्हणून, हौस म्हणून जुनी चेतक पार्किंगच्या कोपऱ्यात जपणाऱ्यांबद्दल. त्यांचं गाऱ्हाणं ठरलेलं असतं. गाडी चालू होत नाही. गॅरेजवाल्याने प्लग बदलला, मग कॉइल, मग पॉइंट, मग अख्खा कार्बोरेटर, आणि आता म्हणतोय मॅग्नेट बदलून बघू. हजारो रुपये गेले, आणि रविवारी सकाळी सोसायटीला जाग येते ती आपल्याच किकांनी.

याला दुरुस्ती म्हणायचं नाही. हा मटका आहे, फक्त आकड्यांच्या जागी पार्ट लावलेत.

ऑफिसात कोणी बग आल्यावर एकेक फाइल डिलीट करून नवी लिहायला लागला तर आपण त्याला हसू. इथे मात्र तेच करणाऱ्याला आपण पैसे देतो, वर ‘माणूस अनुभवी आहे’ म्हणतो. बरं, या स्कूटरचं इग्निशन म्हणजे काही रॉकेट नाही. मॅग्नेट फिरला की आतल्या कॉइलमध्ये वीज तयार होते, नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात, त्या झटक्याने एचटी कॉइल हजारो व्होल्ट काढते आणि प्लगवर ठिणगी पडते. ठिणगीला बॅटरीसुद्धा लागत नाही. संशयित मोजून सहा-सात. प्रत्येकाची जबानी घेता येते, तीही जागेवर.

आणि आपण काय करतो? गाडी तिरकी करतो! हा आपला राष्ट्रीय विधी. वाकवून किक मारली की कधीकधी चालू होते हे खरं, कारण पेट्रोलचा प्रवाह अडला असेल तर ते कार्बोरेटरकडे सरकतं. पण ठिणगीच नसेल तर स्कूटर तिरकी करा, उलटी करा, तिला साष्टांग नमस्कार घालायला लावा, काही फरक पडत नाही. म्हणजे ज्या प्रश्नापासून सुरुवात व्हायला हवी तोच कोणी विचारत नाही: ठिणगी आहे का?

बघायला दोन मिनिटं लागतात. प्लग काढा, तो किंवा शक्यतो एक चांगला नवा प्लग कॅपमध्ये घाला, त्याचं अंग इंजिनच्या धातूला नीट टेकवा आणि किक मारा. प्लग हातात धरू नका, आणि प्लगच्या भोकापासून लांब ठेवा, तिथून पेट्रोलची वाफ येते. निळी, कडक, टक् आवाज करणारी ठिणगी दिसली तर इग्निशनचा पिच्छा बहुतेक सोडायला हरकत नाही, कार्बोरेटरकडे वळा. पिवळी, मरतुकडी किंवा काहीच नाही, तर पुढे चला. कॅप फिरवून काढा, वायरचं टोक इन्सुलेटेड पकडीने धातूपासून चार-पाच मिलिमीटरवर धरा, पुन्हा किक. आता ठिणगी उडाली तर चोर म्हणजे कॅप. एवढ्याशा वस्तूपायी लोकांनी कॉइली बदललेल्या मी पाहिल्यात.

तरीही ठिणगी नाही? मग माझी सगळ्यात आवडती तपासणी. या गाड्या बंद कशा होतात? वीज तोडून नव्हे, ती अर्थ करून. म्हणजे किल स्विचकडे किंवा लॉककडे जाणारी वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकली असेल तर गाडी कायम ‘बंद’च राहणार, आणि तुम्ही आत कितीही नवे पार्ट भरा, काडीचा उपयोग नाही. ती एक वायर जोडणीपाशी सुटी करा आणि किक मारा. ठिणगी आली तर अख्खं इग्निशन निर्दोष, गुन्हेगार हॅंडलपाशी किंवा लॉकपाशी. खर्च: चिकटपट्टी.

त्यानंतर पॉइंट. मॅग्नेटला खिडकी असते, तो न काढता आत डोकावता येतं. पॉइंट पूर्ण उघडल्यावर फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास हवी, आणि त्यासाठी फिलर गेज लागतं, ‘अंदाज’ नव्हे. पॉइंटवर तेलाचा ओघळ असेल तर जाड पोस्टकार्डाचा तुकडा मध्ये धरून ओढा, निघतो. तेल पुन्हा पुन्हा येत असेल तर मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील गेलंय, आणि ते गेलेलं असताना नवे पॉइंट बसवणं म्हणजे गळक्या छताखाली नवी गादी घालणं. किक मारताना पॉइंटपाशी मोठी फटफट ठिणगी दिसते? कंडेन्सर. किक उलटी मारते, सायलेन्सरमधून फटाके फुटतात? मॅग्नेटची चावी कापली गेली असेल, टायमिंग हललंय.

थंड असताना मस्त चालू, पंधरा मिनिटांनी बंद, चहा पिऊन आलं की पुन्हा चालू, ही केस जरा वाईट. इथे कंडेन्सर आणि एचटी कॉइल दोघंही संशयित, आणि थंड कॉइल मल्टिमीटरवर अगदी साधू दिसते. म्हणून तपासायची ती गरम असताना, गाडी बंद पडल्यापडल्या. गॅरेजमध्ये गाडी सकाळी सोडून संध्याकाळी नेली की हे कोणाला दिसणार? कंडेन्सर बदलायचाच झाला तर मॅग्नेट पुलरनेच काढायचा. हातोडीने ठोकणारा दिसला तर किल्ली परत मागा. क्रॅंक वाकते, मॅग्नेटला तडा जातो.

आता गंमत बघा. एवढं वाचून तुम्ही म्हणाल, गॅरेजवाले चोर. माझं भांडण त्यांच्याशी अर्धंच आहे. उरलेलं अर्धं आपल्याशी आहे. फिटरने अर्धा तास घालवून घासलेली वायर शोधली, टेप लावली आणि तीनशे रुपये मागितले, तर आपण काय म्हणतो? ‘एका टेपचे तीनशे?’ तोच हजाराची कॉइल बदलून वर मजुरी लावतो तेव्हा आपण मुकाट्याने देतो, कारण डब्यातली वस्तू दिसते. आणि हे कोण म्हणतं, तर जो दोन दिवस लॉग वाचून एका ओळीचा फिक्स टाकतो आणि त्या दोन दिवसांचं बिल क्लाएंटला लावतो! शोधण्याला किंमत नाही, बदलण्याला आहे, हे आपणच त्याला शिकवलं. तो शहाणा, शिकला.

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला, इलेक्ट्रॉनिक किट लावून टाक. लावा की. पॉइंटची फट बघायची कटकट खरंच जाते, मी विरोधात नाही. पण घासलेली किल वायर, मेलेली कॅप, गळकं सील हे सगळं किट लावल्यावरही तिथेच असतं. आणि सीडीआय गेलं की आत उघडून बघण्यासारखं काही नसतं, तिथे मात्र खरोखर ‘बदलून बघू’ करावं लागतं. टू-स्ट्रोक धूर फार करते, रोज वापरू नये, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण महिन्यातून एकदा फिरवायच्या गाडीतही अर्धवट जळणारं पेट्रोल हवेत सोडायचं नसेल तर ठिणगी धड हवी ना?

तर पुढच्या वेळी गाडी टाकताना आधीच सांगा: तपासायचे वेगळे पैसे देईन, पण कुठला पार्ट गेला हे कसं कळलं ते दाखवायचं. आणि काढलेले जुने पार्ट सगळे परत मागून घ्या. निम्मे तरी चांगले निघतील, डिकीत ठेवायला होतात.