उन्हाळ्यातील डोह : बियाणे राखून मासे धरावेत

चैत्र उलटला की कृष्णेचे पात्र आक्रसू लागते. महाबळेश्वरी उगम पावून वाई, कराड, औदुंबर, सांगली असा प्रवास करीत येणारी ही नदी वैशाखात सर्वत्र भरलेली राहत नाही. जेथे बंधाऱ्याचा फुगवटा नाही तेथे वाळू आणि गोटे उघडे पडतात, आणि मध्ये मध्ये खोल पाण्याचे डोह तेवढे उरतात. एरवी लांबलचक पात्रात विखुरलेले मासे या दिवसांत त्या डोहांत गोळा होतात. साहजिकच थोड्या श्रमात जाळे जड होते आणि नदीकाठच्या कुटुंबांच्या हाती चार पैसे येतात. उन्हाळा हा गोड्या पाण्यातील मासेमारीचा सुगीचा काळ मानला जातो तो याच कारणाने. परंतु सुगी कोणती आणि लूट कोणती, यातील भेद याच दोन महिन्यांत ओळखावयास हवा. नाहीतर नदी पुढील साली रिकामी मिळते.

शेतकरी बंधूंना ही गोष्ट समजावून सांगावयास नको. घरात कितीही ओढ असली तरी बियाण्यासाठी राखलेली कणसे कोणी दळावयास नेत नाही. डोहात उन्हाळ्यात साठलेला मोठा मासा हे नदीचे राखलेले बियाणेच होय. कटला, रोहू, मृगळ यांच्या पोटातील अंडी फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत हळूहळू पक्व होत असतात. मृगाचा पाऊस पडून नदीला गढूळ पाणी आले, काठची सखल जमीन पाण्याखाली गेली, की हे मासे उथळ पाण्याकडे धावतात आणि तेथे अंडी घालतात. रोहूची एक मादी शरीराच्या दर किलो वजनामागे लाखाहून अधिक अंडी देते. त्यांतील फारच थोडी जगतात हे खरे. पण मादीच वैशाखात बाजारात गेली तर त्या थोड्यांचीही आशा उरत नाही.

समुद्रावर पावसाळ्यात मासेमारी बंद ठेवण्याची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. नदीवरही पावसाळ्यात जाळे आवरावे असा उपदेश आपण करतो. परंतु नदीच्या बाबतीत हा उपदेश काहीसा उशिरा पोहोचतो. पूर येण्यापूर्वीच डोह उपसला गेला असेल, तर पावसाळ्यात जाळे घरी टांगून ठेवल्याने काय साधणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? माझे मत असे की, नदीतील माशांचे भवितव्य पावसाळ्यात ठरत नाही, ते उन्हाळ्यातच ठरून जाते.

काही वर्षांपूर्वी वैशाखातील एका सकाळी नदीकाठच्या एका गावी जाण्याचा प्रसंग आला होता. डोहाच्या काठाशी माणसे जमली होती. आदल्या रात्री कोणीतरी पाण्यात ब्लीचिंग पावडर सोडली होती. मोठे मासे रातोरात वेचून नेलेले होते. बोटाएवढे असंख्य मासे मात्र काठाशी पांढरी पोटे वर करून पडले होते. एक वयस्क भोई ते पाहत उभे होते. मी विचारले, “मामा, केवढ्याचा मासा गेला असेल?” ते म्हणाले, “नेलेला मोजू नका साहेब, हा पडलेला मोजा. ही आमची पुढल्या सालची भाकर होती.” या विषयावर याहून नेमके बोलणे मी ऐकलेले नाही.

ब्लीचिंग पावडरीतील क्लोरीनने माशांचे कल्ले भाजून निघतात. त्यात लहानथोर असा भेद राहत नाही. माशांचे खाद्य असलेले किडे आणि गोगलगायीही मरतात, आणि तेच पाणी गुरे पितात. सुरुंगाच्या दारूने मारलेल्या माशांपैकी कित्येक तळाशी बुडतात व कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. पंपाच्या तारेतून पाण्यात वीज सोडणे हे तर माशांइतकेच माणसांच्याही जिवावर बेतणारे आहे. सुरुंग आणि विष यांनी मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच अपराध ठरविले होते. सव्वाशे वर्षांनंतरही ही रीत नाहीशी झाली नाही, याचा अर्थ कायदा पुस्तकात राहिला आणि गावाने त्याला आपला मानले नाही, असाच घ्यावा लागेल.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. ज्यांचे पोट नदीवर आहे त्या कोळी आणि भोई कुटुंबांनी नेमक्या सुगीच्या दिवसांत हात आखडता घ्यावा, हे सांगणे सोपे. पण त्यांनी खावे काय? मी उन्हाळ्यात मासेमारी बंद करा असे म्हणत नाही. वर्षानुवर्षे जाळे टाकणारा माणूस डोह कधीच मुळापासून खरवडत नाही; त्याला उद्याही तेथेच यावयाचे असते. विष टाकणारा बहुधा एका रात्रीचा पाहुणा असतो. तेव्हा प्रश्न मासे धरावेत की नाहीत हा नसून ते कोठे, केव्हा आणि कोणत्या साधनाने धरावेत हा आहे. त्या दृष्टीने पुढील गोष्टी ध्यानात ठेवणे हितावह होईल.

पहिली गोष्ट पाण्याची. पाणी जसजसे तापते तसतसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो. ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. डोहात शेवाळ आणि जलपर्णी माजली असेल तर त्या वनस्पती दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री तोच वापरतात. त्यामुळे पहाटे, उजाडण्यापूर्वी, डोहातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा वेळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. तो मासा भुकेने वर आलेला नसून गुदमरलेला असतो. त्या घटकेला टाकलेल्या जाळ्यात भरपूर मासा सापडतो खरा. पण ज्याला वाचण्याची शक्ती नाही अशा माशाला धरणे म्हणजे डोह एका पहाटेत रिता करणे होय. मासे असे तोंडे काढू लागले की त्या दिवशी जाळे बाजूस ठेवावे, आणि जलपर्णी काढावयास गावाने हात लावावा.

दुसरी गोष्ट वेळेची आणि जागेची. भर दुपारी वरचे पाणी तापलेले असते आणि मासा खोल किंवा सावलीच्या कडेला दडून राहतो. त्या वेळी जाळे फेकणाऱ्याचे श्रम वाया जातात. सूर्य वर आल्यानंतरचा पहिला प्रहर आणि मावळतीनंतरचा काळ या दोन वेळा चांगल्या. धरणातून आवर्तन सुटले आणि पात्रात पाणी वाहू लागले की मासा डोह सोडून धारेकडे सरकतो. अशा वाहत्या पाण्यात फेकजाळ्याने किंवा गळाने धरलेला मासा डोहाला फारसा तोशीस देत नाही. उलट, आवर्तन बंद झाल्यावर लहान मासे उथळ डबक्यांत अडकून पडतात. ते उन्हाने मरण्यापूर्वी बादलीत घेऊन डोहात सोडणे हे गावातील शाळकरी मुलांनाही जमण्यासारखे काम आहे.

तिसरी गोष्ट जाळ्याची. मच्छरदाणीसारख्या बारीक जाळीने डोह ओढणे हे विष टाकण्याच्या खालोखाल हानिकारक आहे. जाळ्याचा आस असा असावा की त्यातून चार बोटे सहज पार जातील. लहान मासा निसटू द्यावा. तो पळून जात नाही, वाढून परत येतो.

चौथी गोष्ट निवडीची. सर्व मासे सारखे नव्हेत. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया आता आपल्या नद्यांत ठिकठिकाणी पसरला आहे. तो साचलेल्या पाण्यातही वारंवार वितो, मादी पिले तोंडात सांभाळते, आणि देशी माशांच्या खाद्यात तो वाटेकरी होतो. उन्हाळ्यात तो हवा तेवढा धरावा. त्याने नदीचे नुकसान नाही, घरचा स्वयंपाक मात्र भागतो. याउलट, पोट फुगलेली रोहू-मृगळाची मादी किंवा दुर्मिळ होत चाललेला महसीर जाळ्यात आला, तर ओल्या हाताने उचलून परत पाण्यात सोडावा. मरळ हवेतूनही श्वास घेतो, म्हणून अल्प प्राणवायूच्या पाण्यातही तगून राहतो. पण पृष्ठभागाशी त्याच्या पिलांचा थवा दिसला, तर खाली राखण करणाऱ्या मरळाला हात लावू नये. तो गेला की सगळा थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

पाचवी गोष्ट धरलेल्या माशाची. वैशाखातील उन्हात मासा दोन-तीन तासांतच उतरतो आणि मोल निम्म्यावर येते. ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवलेला, आणि शक्य तेथे वजनाइतक्याच बर्फात भरलेला मासा थोडा असला तरी अधिक पैसे देतो. कमी धरून अधिक मिळविण्याचा हाच सरळ मार्ग आहे.

आता थोडे शेतकऱ्यांविषयी. नदीतील मासा केवळ जाळ्याने मरत नाही. फवारणीचा पंप नदीत विसळण्याची सवय काठावरील द्राक्षबागांत आणि भाजीपाल्याच्या शेतांत अजून दिसते. कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात, आणि उन्हाळ्यातील तुटपुंज्या पाण्यात ती विरळ होण्यास वाव नसतो. पंप शेतातच धुवावा व ते पाणी पडीक जागी जिरवावे. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मासे मोठ्या संख्येने मेले, तेव्हा कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी हा विषय पुन्हा ऐरणीवर आला. त्या मोठ्या दोषांबद्दल आवाज उठविणे हे आपले कर्तव्यच आहे. पण आपला पंप नदीत धुऊन तो आवाज उठविता येत नाही. तसेच कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढावयाचे असतात, तेव्हा तळाचे कुजके पाणी एकदम खाली जाऊ नये म्हणून ते टप्प्याटप्प्याने काढावेत, अशी विनंती गावाने पाटबंधारे खात्याकडे वेळीच करावी.

काहीजण म्हणतील की, मत्स्यबीज शासन सोडतेच, मग नदीची एवढी काळजी कशाला? १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, तेव्हापासून कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली तयार करणे सुकर झाले आणि तलावांतील मत्स्यशेती वाढली. ही फार मोठी प्राप्ती होय. लोणावळ्याजवळ वळवण येथे महसीराचेही बीज कित्येक वर्षे तयार केले जात आहे. परंतु वाम, शिंगाडा आणि खवल्यांचे असंख्य लहान देशी मासे यांचे बीज गावोगाव विकत मिळत नाही. त्यांची उगवणशाळा एकच, आणि ती म्हणजे डोह.

म्हणून माझी सूचना साधी आहे. नदीकाठच्या प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतील एक खोल डोह पाडव्यापासून पहिला पूर ओसरेपर्यंत राखीव ठेवावा. त्यात जाळे नाही, गळ नाही आणि तळ उघडा पडेल असा उपसा नाही. उरलेल्या पात्रात वर सांगितलेल्या रीतीने मासे धरावेत. हा ठराव ग्रामसभेत व्हावा, आणि डोह कोणता हे मात्र मच्छिमार कुटुंबांच्या सल्ल्यानेच ठरावे. कोणता डोह ज्येष्ठातही आटत नाही हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? रात्रीची राखणही त्यांच्याकडेच सोपवावी, आणि त्याबद्दल गावाने त्यांना काही मोबदला द्यावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ठरावाची प्रत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडे पाठवून द्यावी.

ही कल्पना नवी नाही. कर्नाटकात शृंगेरीच्या घाटाशी तुंगा नदीतील मासे पिढ्यान्‌पिढ्या कोणी मारीत नाही. तुंगेचे पाणी पुढे तुंगभद्रा होऊन आपल्या कृष्णेलाच मिळते. महाडजवळ वाळण येथील कोंडातील मासेही गावाने देवाचे म्हणून सांभाळले आहेत. आपल्या पूर्वजांनी श्रद्धेने जे केले ते आपण समजून उमजून करावयाचे आहे, एवढाच काय तो फरक.

येत्या वैशाखात डोहाच्या काठी उभे राहाल तेव्हा त्या पाण्याकडे कणगीकडे पाहावे तसे पाहा. खावयाचे किती आणि पेरावयाचे किती, हा हिशेब शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. तोच हिशेब नदीला लावला, तर मृगाच्या पाण्याबरोबर तिचेही शेत पुन्हा उगवेल.