घराण्यांची सत्ता, श्रमिकांची पुंजी

दक्षिण कोरियाच्या औद्योगिक भरभराटीचे दाखले आपल्याकडे वारंवार दिले जातात. सॅमसंग, ह्युंदाई यांसारख्या घराण्यांच्या उद्योगसमूहांनी, तेथील भाषेत ‘चेबोल’नी, देशाचे रूप पालटले हे खरेच. परंतु ते केवळ स्वकर्तृत्वाने नव्हे. १९६१ नंतर पार्क चुंग-ही यांच्या लष्करी राजवटीने बँका ताब्यात घेऊन निवडक घराण्यांना स्वस्त कर्जे पुरविली आणि कामगार चळवळ दडपली. जोखीम समाजाची, सत्ता घराण्याची, असा हा व्यवहार होता. १९९९ साली देवू समूह कर्जाखाली कोसळला तेव्हा नोकऱ्या कामगारांच्या गेल्या आणि बँका सावरण्याचा भार सरकारी तिजोरीवर पडला.

मूळ दोष मालकी आणि नियंत्रण यांच्या विसंगतीत आहे. एका कंपनीने दुसरीचे भाग घ्यायचे, दुसरीने तिसरीचे. या साखळीच्या जोरावर अल्प भांडवल गुंतविणारे कुटुंब साऱ्या समूहावर हुकमत गाजविते. २०१५ साली सॅमसंगच्या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाने वारसाचे नियंत्रण बळकट झाले. त्या ठरावाच्या बाजूने राष्ट्रीय निवृत्तिवेतन निधीने, म्हणजे श्रमिकांच्याच पुंजीने, मत दिले. त्यासाठी दबाव आणल्याबद्दल तत्कालीन कल्याणमंत्र्यांना तुरुंगवास झाला. वारस ली जे-योंग यांची विलीनीकरणाच्या खटल्यातून २०२५ मध्ये निर्दोष सुटका झाली. लाचखोरीच्या स्वतंत्र खटल्यात ते दोषी ठरले होते, पण अर्थव्यवस्थेच्या हिताचे कारण सांगून २०२२ मध्ये त्यांना माफी देण्यात आली.

जुलै २०२५ मध्ये तेथील संसदेने संचालकांना सर्व भागधारकांप्रति उत्तरदायी केले. सुधारणा इष्टच, परंतु भागधारकांचा न्याय म्हणजे समाजाचा न्याय नव्हे. बहुसंख्य कोरियन कामगार छोट्या व मध्यम कारखान्यांत, मोठ्या समूहांच्या तुलनेत कमी वेतनावर राबतात. म्हणूनच उपकंत्राटी कामगारांना मुख्य कंपनीशी वाटाघाटी करण्याचा मार्ग खुला करणारा ऑगस्ट २०२५ चा कायदा अधिक मोलाचा. नफ्यावर ज्याची पकड, त्याच्यावरच मालकाची जबाबदारी, हे तत्त्व त्यात आहे.

आपल्याकडे १९७० साली मॅनेजिंग एजन्सी पद्धत रद्द झाली, तरी घराण्यांची पकड सुटली नाही. मक्तेदारी कायद्यातील विस्तारावरचे निर्बंध तर १९९१ मध्येच उठविले गेले. तेव्हा कोरियाचा कित्ता गिरवायचाच असेल, तर तो तेथील सुधारणांचा गिरवावा. आयुर्विमा व भविष्यनिर्वाह निधीचा पैसा कोणत्या उद्योगात गुंतविला जातो आणि त्याचे मत कोणाच्या पारड्यात पडते, याचा जाब मागणे आणि कंत्राटी कामगारांना खऱ्या मालकासमोर उभे करणे, हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. पुंजी श्रमिकांची असेल, तर तिचा आवाजही श्रमिकांचाच असला पाहिजे.