कॅम्पातून जाताना

बेळगावात कॅम्पातून जाताना मराठा सेंटरसमोरून आपण सगळेच गाड्या पिटाळतो. २६ जानेवारीला मात्र घरोघरच्या स्टेटसला सैनिक झळकतो, दुसऱ्या दिवशी गायब. (माझ्याही, कबूल.)

म्हणून आज नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. मशिनगनच्या माऱ्यात तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे पुढं धावले, हातबॉम्ब फेकला, गोळ्या संपल्यावर बंदूकच उलटी धरून लढले. मोर्चा घेतला आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी कोसळले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समाधी मात्र नाही; कॅसिनोच्या स्मारकावर नुसतं नाव.

इंग्रजांच्या फौजेत लढले म्हणून आपण जरा अवघडतो. मोंतोने या इटालियन गावाला तसं वाटलं नाही. त्यांनी २०२३ साली घाडग्यांच्या आठवणीसाठी सूर्यघड्याळ उभं केलं.

परवा जेवताना घरी विचारलं, घाडगे कोण? मुलं एकमेकांकडं बघत राहिली. आजोबांनी ताट बाजूला सारलं आणि सांगायला सुरुवात केली.