विजोड नंबरांची खाडाखोड

दुसऱ्या महायुद्धातली जर्मन 'काराबिनर ९८ के' ही रायफल अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या एखाद्या संग्राहकाच्या हाती आली, की तो आधी नेम धरून पाहत नाही. भिंग घेऊन नंबर वाचतो. जर्मन कारखान्यांत मुख्य सांगाडा, नळी, बोल्ट, अगदी बारीकसारीक भागांवरही तोच क्रमांक किंवा त्याचे शेवटचे दोन आकडे ठोकत. सगळे जुळले तर किंमत चढते, बोल्ट दुसरा निघाला तर उतरते. मग विजोड रायफलीचा मालक कानस काढतो. बोल्टवरचा नंबर घासायचा, त्या जागी सांगाड्यावरचा ठोकायचा, लाकूड घासून नवे करायचे, पोलादावर ताजा निळसर काळा रंग चढवायचा. याला 'रिस्टोरेशन' म्हणतात. माझ्या मते ही खाडाखोड आहे.

कारण हे नंबर बहुधा कुणाच्या हलगर्जीपणामुळे बिघडलेले नाहीत. लाल सैन्याने जर्मनांकडून अशा असंख्य रायफली जप्त केल्या. युद्ध संपल्यावर सोव्हिएत शस्त्रागारांत त्या सुट्या केल्या, साफ केल्या आणि हाताला येईल तो बोल्ट घालून पुन्हा जोडल्या. बोल्टवरच्या जुन्या क्रमांकावर रेघ मारून शेजारी विजेच्या लेखणीने नवा कोरला, दस्त्यावर लाखेचा चकचकीत लेप दिला, काहींवरचे स्वस्तिक ठोकून बुजवले. पुढच्या युद्धासाठी त्या अनेक दशके गोदामांत पडून राहिल्या. तो वेडावाकडा कोरलेला आकडा म्हणजे सातबाऱ्यावरची फेरफाराची नोंद. ती पुसून फक्त पहिल्या मालकाचे नाव ठेवले, तर उतारा 'मूळ' होत नाही, बनावट होतो.

यावर म्हटले जाते, की १९४१ च्या सैनिकाने हाताळलेली रायफल कशी होती हे लोकांना दिसायला नको का? जरूर दिसावे. पण नंबर बदललेला किंवा बाजारातून आणलेला तिसराच बोल्ट त्या सैनिकाने कधी पाहिलेलाही नसतो. शिवाय युद्ध चालू असतानाही सैन्याचे शस्त्रकारागीर मोडलेले भाग बदलतच होते. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो खरोखर वजनदार आहे. बोल्टचे तोंड आणि काडतुसाचा बुंधा यांतली फट वाजवीपेक्षा जास्त झाली, तर काडतुसाचे पितळ फाटून तप्त वायू गोळी झाडणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. मात्र ही फट गेज घालून मोजावी लागते, नंबर ठोकून ती भरत नाही. उलट खोटा नंबर जास्त घातक, कारण पुढचा मालक त्यावर विश्वासून मोजायचेच सोडून देतो. तुटका भाग बदलायला माझी हरकत नाही. बदलावा, जुना जपून ठेवावा आणि काय बदलले ते लिहून ठेवावे.

आपल्याकडे हा छंद फारसा नाही, कारण लष्करी बोअरची 'थ्री नॉट थ्री' सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. पण २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावरच्या दहशतवादी हल्ल्यात जिच्या मर्यादा उघड झाल्या, ती हीच रायफल आता हळूहळू पोलिसांच्या शस्त्रागारातून संग्रहालयाच्या काचेआड चालली आहे. तिची कुळकथाही सरळ नाही. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात आधी ब्रिटिश मुकुटाचा शिक्का बसे, स्वातंत्र्यानंतर अशोकस्तंभाचे सिंह आले. पुढचे लाकूड चिरू नये म्हणून इशापूरने त्यात आडवा स्क्रू घातला. तो काढून, भोक बुजवून एखादी रायफल 'अस्सल विलायती' करणे सोपे आहे. तसे केले, तर गमावतो तो आपल्याच कारागिराचा हात. संग्रहालयांनी तो स्क्रू राहू द्यावा, आणि नंबर जुळत नसतील तर काचेखालच्या फलकावर तसेच स्पष्ट लिहावे.