एक्सप्लेनर : बालविवाह रोखला, पण मुलगी राहणार कुठे? पंडिता रमाबाईंचे केडगाव परभणीने का वाचावे

परभणी जिल्ह्यात 20 ते 24 वयोगटातील 48 टक्के महिलांचे लग्न वयाची 18 वर्षे पूर्ण होण्याआधीच झाले होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला (2019-21) हा आकडा आहे. राज्याची सरासरी 22 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे परभणी तिच्या दुपटीहून पुढे.

लग्नसराईत आमच्या डेस्कवर बालविवाह रोखल्याच्या बातम्या येतात. 1098 वर फोन, मांडवात ग्रामसेवक आणि पोलीस, पालकांचे हमीपत्र आणि बातमी संपली. त्या मुलीचे पुढे काय झाले, हे बातमीत नसते. सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईने नेमक्या याच 'पुढे काय'वर काम उभे केले. नाव सगळ्यांना माहीत आहे, काम मात्र शाळेच्या पुस्तकातल्या चार ओळींपुरते.

कोण होत्या रमाबाई?

जन्म 23 एप्रिल 1858. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाला. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. पोटात अन्न नसताना पायी भटकणे या मुलीने स्वतः भोगले होते. 1878 मध्ये ती भावासोबत कलकत्त्याला पोहोचली आणि तिथल्या विद्वानांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 1880 मध्ये आंतरजातीय नोंदणी विवाह, 1882 मध्ये वैधव्य, पदरात लहानगी मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज आणि हंटर आयोगापुढे साक्ष.

1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण चर्चने सांगावे आणि बाईने मान डोलवावी, हे त्यांना तिथेही जमले नाही. त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असे बिशपांचे म्हणणे होते. त्यावर त्यांनी पत्रातून वाद घातला.

वाद कशाचा होता?

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. उच्चवर्णीय बालविधवांसाठी ही शाळा आणि वसतिगृह होते. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई इथल्याच विद्यार्थिनी. धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे ठरले होते. मात्र रमाबाई खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळ बाहेर पडले.

सोशल मीडियावर आजही या विषयावर दोनच बाजू दिसतात : रमाबाई धर्मांतर करणाऱ्या किंवा रमाबाई निव्वळ समाजसुधारक. केडगावचे मिशन पुढे उघडपणे ख्रिस्ती होते, ते झाकण्यात अर्थ नाही. पालकांच्या आक्षेपालाही आधार होता. पण मुली काढून नेणाऱ्या किती घरांनी त्यांच्या पुढच्या शिक्षणाची सोय केली, हा प्रश्न तेव्हाही फारसा कोणी विचारला नाही.

केडगावात नेमके काय केले?

1896-97चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवता येईना. पुणे-दौंड मार्गावरच्या केडगावला जमीन आधीच घेतलेली होती, तिथे मुक्ती सदन उभे राहिले. 1900च्या दुष्काळानंतर राहणाऱ्यांची संख्या दीड हजारांपुढे गेली. आता फक्त उच्चवर्णीय नव्हे, सगळ्या जातींच्या मुली होत्या.

इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाला इथली खरी गंमत कळते. हा नुसता आश्रम नव्हता. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना सगळे बायका चालवत. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल आणले. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते याच छापखान्यात बायकांच्या हातून छापले गेले. आधी छप्पर, मग अक्षरओळख, मग हाताला काम, असा क्रम होता. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या; लेक मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती. संस्था केडगावात अजून चालू आहे.

परभणीशी संबंध काय?

आपल्याकडे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आईबाप सहा महिने कारखान्याच्या फडात. वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय तोडीला जोडपे, म्हणजे कोयता लागतो, आणि लग्न लावले की तो तयार होतो. हमीपत्राने हे गणित बदलत नाही, राहण्याची जागा असेल तर बदलते.

राज्याने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना 2021 मध्ये मंजूर केली : 41 तालुके, 82 वसतिगृहे, प्रत्येक तालुक्यात मुलींचे एक, मुलांचे एक. परभणी जिल्हाही त्यात आहे. बालविवाह रोखल्याची आकडेवारी प्रशासन दरवर्षी देते. त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने हवेत : रोखलेल्या लग्नांतल्या किती मुलींना वसतिगृहात खाट मिळाली आणि किती जणी बारावीला बसल्या. टोळ्या निघायच्या आधी वसतिगृहाचे दार उघडले होते का, तेही तिथेच लिहावे.